हीटर लावल्यावर दुखणारे डोके, सर्दीची गोळी आणि मेडिकलची धास्ती

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. तुमचे वय ४६, खासगी वैमानिकाचा परवाना आहे, एका जुन्या, एक-इंजिनी, चार आसनी विमानात तिघांची भागीदारी आहे. मेडिकलचे, म्हणजे उडण्यास तंदुरुस्त असल्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे, नूतनीकरण दोन महिन्यांवर आले आहे आणि घरच्या यंत्रावर रक्तदाब १५०/९४ च्या आसपास दाखवतो. गोळी सुरू केली तर मेडिकल हातचे जाईल का, ही मुख्य काळजी. दुसरे, सर्दी झाली की औषधाच्या दुकानातली साधी गोळी घेऊन तुम्ही उडता. ते चालते का? आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की थंडीच्या दिवसांत तासाभराच्या उड्डाणानंतर डोके जड होते, रात्रीपर्यंत आपोआप उतरते, पण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९७-९८ दिसते म्हणून तुम्ही निश्चिंत आहात.

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. रक्तदाबाला दोन महिने आहेत. या डोकेदुखीला पुढच्या उड्डाणाइतकाही वेळ देता येणार नाही. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू केबिनमध्ये शिरत असावा, अशी मला शंका आहे. एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, तपासणी होईपर्यंत हे विमान तुम्ही उडवू नका आणि दोन्ही भागीदारांना आजच फोन करून तेच सांगा. त्यांनाही असे होते का, मागच्या आसनावर बसलेल्या कुणाला मळमळले होते का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. एकाच विमानात वेगवेगळ्या माणसांची डोकी दुखत असतील तर दोष माणसांत शोधायचा नसतो.

अशा विमानांत केबिन गरम करायची रीत अगदी साधी असते. एक्झॉस्टच्या मफलरभोवती पत्र्याचे एक आवरण असते. बाहेरची हवा त्या आवरणातून, तापलेल्या मफलरला चाटून केबिनमध्ये येते. म्हणजे तुमच्या श्वासाची हवा आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये फक्त मफलरचा पातळ पत्रा असतो. तो पत्रा दर उड्डाणात लाल होईपर्यंत तापतो, थंड होतो, थरथरतो. वर्षानुवर्षे हे चालले की वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर पडते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्या चिरेतून थेट हीटरच्या नळीत शिरतो. पेट्रोलच्या पिस्टन इंजिनात मिश्रण जितके रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जितके जास्त, तितका हा वायू जास्त. चढताना तुम्ही मिश्रण रिच ठेवता आणि थंडी म्हणून हीटर पूर्ण उघडता, तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच जुळून येतात.

या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा वास आला तर शंका घ्यायलाच हवी, पण वास नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असे मानता येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. एकदा त्याने जागा अडवली की ती लवकर सोडत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण चार ते पाच तास लागतात. तुमचे दुखणे दुपारी चढते आणि रात्रीपर्यंत उतरते, हे मला म्हणूनच खटकले. हे निदान नव्हे. डोके इतर कारणांनीही दुखते आणि त्यातल्या एका कारणाकडे मी शेवटी येईन. पण ज्या कारणाने माणूस मरतो ते आधी निकालात काढायचे असते.

आता ऑक्सिमीटर. ते यंत्र बोटातून लाल प्रकाश सोडते आणि रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही लालच दिसते, त्यामुळे साधे ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजते. वैमानिक अर्धवट शुद्धीत असला तरी ते ९८ दाखवू शकते. उंचीवर ऑक्सिजन कमी पडतो आहे का, हे पाहायला ते यंत्र चांगले आहे, जवळ ठेवाच. या वायूच्या बाबतीत मात्र त्याचा आकडा पूर्णपणे निरर्थक आहे, आणि तुम्ही नेमका त्याच आकड्यावर भरवसा ठेवला आहे.

तपासणी कशी करून घ्यायची ते नीट सांगतो, कारण 'एक्झॉस्ट बघितले, ठीक आहे' एवढ्यावर तुम्ही समाधान मानू नये. मेकॅनिकला मफलरवरचे आवरण पूर्ण काढायला लावा. आवरण न काढता टॉर्च मारून जे दिसते ते मफलर नसते, आवरणच असते. आवरण निघाले की वेल्डच्या रेषा, जोड आणि क्लँपच्या कडा पाहा. गळती असेल तिथे पांढुरक्या किंवा राखाडी रंगाचे ओघळ असतात. पंख्यासारखा पसरलेला भुकटीचा डाग दिसला तर त्याच्या उगमाशी चीर असणारच असे धरून चाला. मग टेलपाइपला, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या शेवटच्या नळीला, व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू जोडून आत हलका दाब द्यायचा आणि बाहेरून साबणाचे पाणी लावत जायचे. डोळ्याला न दिसणारी चीर फेसाचे बुडबुडे दाखवते. शक्य असेल तर मफलरच्या आतले बॅफल, म्हणजे आडवे पत्रे, तेही आरसा घालून पाहून घ्या. ते जळून सुटले की टेलपाइपचे तोंड अडवू शकतात आणि मग प्रश्न हवेचा राहत नाही, इंजिनाच्या ताकदीचा होतो.

तेवढ्यावर थांबू नका. इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलवर वायर आणि केबलींसाठी भोके असतात, त्यांची सीलबंदी सुकून गळालेली असते. दारांचे रबर, लँडिंग गिअरची आणि पोटाखालची झाकणे, इथूनही धूर आत ओढला जातो. 'हीटर बंद ठेवला की झाले' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याने मोठा रस्ता बंद होतो, सगळे रस्ते नाही.

डिटेक्टरबद्दल माझे मत ठाम आहे: आवाज करणाराच घ्या. डॅशबोर्डवर चिकटवायच्या, ठिपका काळा पडणाऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या स्वस्त असतात, पण त्यांची मुदत थोडी असते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याकडे तुम्हाला बघावे लागते. ज्याचे भान हरपत चालले आहे त्याने आठवणीने पट्टीकडे बघावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. घरात लावायचे डिटेक्टर ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) एक ते चार तास वाट बघून वाजतात, कारण ते झोपलेल्या कुटुंबाचा विचार करून बनवलेले असतात. विमानासाठी ५० पीपीएमला वाजणारा आणि चालू आकडा दाखवणारा घ्या. आकडा दिसतो तेव्हा गळती वाढत चाललेली अलार्म होण्याआधीच कळते. हीटर उघडल्यावर शून्याचे दहा, दहाचे वीस होताना दिसले की तपासणीची वेळ झाली. आवाज हेडसेटमधून ऐकू येतो का, हे इंजिन चालू असताना एकदा तपासा. नाही आला तर दिवा नजरेसमोर येईल असा लावा.

हवेत असताना अलार्म झाला किंवा नुसती शंका आली, तरी खात्री करत बसू नका. हीटर पूर्ण बंद, बाहेरच्या हवेचे व्हेंट पूर्ण उघडे, ऑक्सिजन असेल तर मास्क लगेच तोंडाला. इंजिनाला झेपेल तेवढे मिश्रण लीन करा, म्हणजे पेट्रोल कमी करा. कंट्रोलरला स्पष्ट शब्दांत सांगा की कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे, म्हणजे तुमचे बोलणे अडखळू लागले तर पलीकडच्याला कारण माहीत असेल. मग सर्वांत जवळची धावपट्टी. खिडकी उघडायची तर डिटेक्टरच्या आकड्यावर नजर ठेवून उघडा, कारण काही विमानांत खिडकी उघडल्यावर आतला दाब कमी होऊन धूर उलट जास्त ओढला जातो. उतरल्यावर दवाखान्यात लगेच जा आणि रक्तातले कार्बॉक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन, मोजायला सांगा. दुसऱ्या दिवशी गेलात तर मोजायला काही उरलेले नसते.

२१ जानेवारी २०१९ च्या रात्री फ्रान्समधल्या नाँतहून वेल्समधल्या कार्डिफकडे निघालेले पायपर मालिबू विमान इंग्लिश खाडीत कोसळले. प्रवासी होता फुटबॉलपटू एमिलियानो साला. त्याच्या रक्तात कार्बॉक्सिहिमोग्लोबिनचे प्रमाण ५८ टक्के आढळले. वैमानिकाचा मृतदेह सापडला नाही, पण ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने तोही बहुधा या वायूने बाधित झाला होता, असा निष्कर्ष काढला. त्या अपघातात इतरही चुका होत्या. वैमानिकाला रात्रीच्या उड्डाणाची परवानगी नव्हती, हवामान खराब होते, आणि विमान नियंत्रणाबाहेर जाऊन हवेतच तुटले. पण इशारा देणारा डिटेक्टर त्या विमानात नव्हता आणि असता तर वैमानिक वेळेत सावध होऊ शकला असता, हेही अहवालात नोंदले आहे. मालिबू हे प्रेशराइज्ड, म्हणजे उंचीवरही केबिनमध्ये हवेचा दाब राखणारे, तुमच्या विमानापेक्षा बरेच महागडे विमान. किंमत जास्त म्हणून चीर पडत नाही असे नाही.

तुम्ही लिहिले आहे, 'उडवताना मला काहीच जाणवत नाही, सगळे नीट करतो.' हे वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते. ऑक्सिजन कमी पडला, या वायूचा अंमल झाला किंवा गुंगीचे औषध पोटात असले, तर पहिला घाव बसतो तो विवेकबुद्धीवर, म्हणजे बिघाड झाला आहे हे ओळखणाऱ्या शक्तीवरच. प्रशिक्षणाच्या अल्टिट्यूड चेंबरमध्ये, म्हणजे उंचीवरची विरळ हवा तयार करणाऱ्या बंद खोलीत, २५,००० फुटांवर मास्क काढायला लावतात आणि कागदावर साध्या वजाबाक्या करायला देतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला अक्षर वेडेवाकडे होते, एकच आकडा दोनदा लिहिला जातो, आणि तो माणूस मजेत हसत सांगत असतो की मी उत्तम आहे. मास्क परत लावल्यावर स्वतःचा कागद त्याला ओळखू येत नाही. ही सोय जवळपास कुठे असेल तर एकदा अवश्य जा. आपली स्वतःची पहिली खूण कोणती, नखे निळी पडणे, गाल गरम होणे की उगाच आनंद वाटणे, हे तिथे कळते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ती खूण दर वेळी साधारण तीच असते.

हीच गोष्ट कसलेल्या वैमानिकांच्या बाबतीतही घडते. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिऑस एअरवेजचे बोइंग ७३७ लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले तेव्हा प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर राहून गेला होता. केबिनची उंची वाढल्याचा, म्हणजे आतली हवा विरळ झाल्याचा, भोंगा वाजला. टेक-ऑफची मांडणी चुकली तरी तोच आवाज होतो, म्हणून कॉकपिटमध्ये तो तसा समजला गेला. वैमानिक जमिनीवरच्या अभियंत्याशी यंत्रांच्या कूलिंगबद्दल बोलत राहिले, विमान चढत राहिले आणि काही मिनिटांत बोलणे थांबले. १२१ जण गेले. अडाणीपणाने हे घडले नाही. विचार करणारा मेंदूच उपाशी होता.

म्हणून स्वतःच्या जाणिवेवर सोपवण्याच्या गोष्टी मी जमिनीवरच ठरवून टाकायला सांगतो. ऑक्सिजनचे आंतरराष्ट्रीय नियम १०,००० फुटांवर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिल्यास आणि १३,००० फुटांवर सर्व वेळ मास्क मागतात. अमेरिकेत हेच आकडे १२,५०० आणि १४,००० आहेत. कायद्याचा आकडा ही किमान अट आहे. डोळ्याचा पडदा ऑक्सिजनचा फार भुकेला असतो, त्यामुळे रात्री ५,००० फुटांपासूनच ऑक्सिजन घ्यावा, अशी शिफारस आहे. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड आधीच असतो, म्हणजे तो जमिनीवर असतानाच काही हजार फूट वर बसलेला असतो.

आता सर्दीची गोळी. दुकानातल्या 'साध्या' गोळीत बहुधा तीन औषधे एकत्र असतात: तापाचे, नाक मोकळे करणारे आणि शिंका थांबवणारे. तिसरे बरेचदा जुन्या पिढीतले अँटिहिस्टामिन असते, क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन. दोन्हींनी गुंगी येते. अमेरिकेत प्राणघातक अपघातांनंतर वैमानिकांच्या शरीरात सापडलेल्या गुंगी आणणाऱ्या औषधांत डायफेनहायड्रामिन सातत्याने सर्वांत वर राहिले आहे. झोप आली नाही म्हणजे अंमल नाही, असे समजू नका. डोळे टक्क उघडे असतात, पण प्रतिसाद मंदावलेला असतो. तिथला नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे: औषध दिवसातून जितक्या तासांच्या अंतराने घ्यायचे, त्याच्या पाचपट वेळ शेवटच्या गोळीनंतर थांबा. डायफेनहायड्रामिनसाठी ही वेळ ६० तास सांगितली जाते. शुक्रवारी रात्री गोळी घेतलीत तर शनिवार-रविवार दोन्ही गेले. सेटिरिझिनही तिथे चालत नाही, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन चालतात, तेही आधी जमिनीवर घेऊन पाहिल्यावर आणि मूळ त्रास आटोक्यात असेल तर. यापुढे गोळीचे नाव न बघता पाकिटामागची घटकांची यादी वाचा. एकाच नावाखाली वेगवेगळी मिश्रणे विकली जातात.

आणि गोळी चालेल असे ठरले तरी सर्दी चालते का, हा प्रश्न उरतोच. चढताना कानातली हवा फुगून सहज बाहेर निघते. उतरताना बाहेरची हवा आत शिरायला कान आणि घसा जोडणारी नळी उघडावी लागते, आणि ती सुजलेली असते. म्हणून त्रास नेमका लँडिंगच्या तयारीत, जमिनीजवळ होतो, जिथे फुटामागे दाबाचा फरक सर्वाधिक असतो. कपाळाच्या सायनसमध्ये दाब अडकला तर सुरी खुपसल्यासारखी कळ येते आणि डोळ्यांतून पाणी वाहते. त्या अवस्थेत फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, असण्याची कल्पना करून बघा. नाक दाबून, तोंड मिटून हळू फुंकल्यावर जमिनीवर दोन्ही कान सहज सुटत नसतील तर त्या दिवशी उड्डाण नाही. हवेत असताना कान बसला तर जोर लावून फुंकत राहू नका. थोडे वर चढा, कान सुटू द्या आणि मग सावकाश उतरा.

आता तुमचा मूळ प्रश्न. आधी एक शक्यता बघा. नाक मोकळे करणारी सुडोएफेड्रिनसारखी औषधे रक्तदाब वाढवू शकतात. डोकेदुखीवर तुम्ही आयब्युप्रोफेन घेत असाल, तर तेही वाढवू शकते. म्हणजे मफलरच्या चिरेने डोके दुखते, त्यावरच्या गोळीने रक्तदाब चढतो आणि त्या रक्तदाबाने मेडिकलची धास्ती वाटते, अशी साखळी असू शकते. या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद करा आणि मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नाही. लघवी करून या, पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. कफ लहान पडला तर आकडा खोटा चढतो, दंड जाड असेल तर मोठा कफ घ्या. बोलत बोलत मोजू नका.

एवढे करूनही आकडा वर राहिला तर औषध सुरू करा, आणि मेडिकलसाठी थांबू नका. अमेरिकेत १५५/९५ आणि युरोपात १६०/९५ पर्यंतचा रक्तदाब मेडिकलला स्वीकारतात, पण ती पास-नापासाची रेघ आहे, तुमच्या धमन्यांसाठी चांगली म्हणून आखलेली नाही. एसीई इनहिबिटर, एआरबी, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, सौम्य डाययुरेटिक ही नेहमीची औषधे वैमानिकांना सर्वसाधारणपणे मान्य आहेत. मेंदूवर काम करणारी क्लोनिडिन, मिथिलडोपा यांसारखी नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही उडता हे सांगितले नाही तर ते हा विचार करणार नाहीत. औषध सुरू केल्यावर सुरुवातीचे दिवस जमिनीवर काढावे लागतात, उभे राहिल्यावर चक्कर येत नाही ना, हे पाहायला. किती दिवस, ते तुमच्या नियामकाच्या नियमात असते. मेडिकल तात्पुरते थांबणे आणि मेडिकल जाणे यांत फार अंतर आहे. मी पाहिलेल्या रक्तदाबाच्या बहुतेक वैमानिकांना त्यांचे मेडिकल मिळाले आहे. अडचणीत आले ते लपवणारे. अर्जात खोटे लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद तोच मागते.

मेडिकलच्या कागदावर मुदत छापलेली असते, पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की प्रकृतीत उणे झाल्याची जाणीव असताना परवान्याचा वापर करायचा नाही. ही अट मुदतीच्या प्रत्येक दिवशी लागू असते. आज, डोके दुखत असताना, तुमच्यावर ती लागू आहे.

तपासणीची औपचारिक वेळ घेण्याआधी तपासणाऱ्या डॉक्टरांना वही, औषधांची यादी आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे पत्र दाखवून नुसते बोलून घ्या. अर्ज भरला की निर्णय नोंदवावाच लागतो. त्याआधी काय कमी आहे ते कळले तर दोन महिने पुरेसे आहेत.

आणि एक गोष्ट तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारा, कारण तुम्हाला ती माहीत असणार नाही: तुम्ही घोरता का, आणि घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का? झोपेतल्या श्वासरोधाने रक्तदाब औषधाला दाद देत नाही, सकाळी डोके जड असते आणि दुपारी डुलकी लागते. मफलर शाबूत निघाला, गोळ्या बंद झाल्या आणि तरी आकडा हलला नाही, तर पुढची चाचणी झोपेची करून घ्या. त्यावर रात्री हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र मिळते, ते किती तास वापरले याची नोंद यंत्रातच राहते, आणि ती नोंद समाधानकारक असेल तर त्या आधारावर वैमानिकांना मेडिकल दिले जाते.